पीटीच्या सरांचा दात आणि वाळीत टाकलेलं कार्ड

ती. दाजी यांना,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण उजवा गुडघा वाकत नाही, त्यामुळे सात अंगांचा समजावा. आठवं अंग समक्ष भेटीत. तुमचा खोकला बरा असेल. ताईच्या टाचेला आराम पडला असेल. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे म्हणून तेवढं लिहून टाकतो: सगळं ठीक आहे. यापुढे मात्र खरं लिहितो. कागदाच्या कडेला पांढरे ठसे दिसले तर काळजी करू नका, ते दातांच्या साच्याचं प्लास्टर आहे. हात तीनदा धुतले, पण चौतीस वर्षांचं प्लास्टर तीनदा धुऊन जातं थोडंच. (सौ. म्हणते, माझा पुतळा वेगळा करायची गरज नाही, आहे तोच एका कोपऱ्यात उभा करून ठेवला तरी चालेल.)

विषय तुम्ही दिलेल्या कॉम्प्युटरचा आहे. आधीच सांगतो, तक्रार नाही, गैरसमज नसावा. तुम्ही नवीन घेतलात तेव्हा जुना आम्हाला दिलात, आणि नुसता दिला नाहीत, तर कुठली वायर कुठे जाते त्याची चिठ्ठी प्रत्येक वायरला दोऱ्यानं बांधून दिलीत. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासलेला माणूस, दुसरं काय करणार. चार वर्षं त्या यंत्रानं आम्हाला उलट उत्तर दिलं नाही. त्यावर मुलीशी बोलणं झालं, सौ.चे विणकामाचे व्हिडिओ झाले, माझी बिलं झाली. सौ.नं त्याला लोकरीचं कव्हर विणलं आणि त्यात गरम हवा बाहेर जायची जाळी आठ महिने झाकून ठेवली, तरी बिचारा घुसमटत चालत राहिला. म्हणून म्हणतो, तुमच्या कॉम्प्युटरचा दोष नाही. दोष कोणाचा आहे हेच मला अजून नीट कळलेलं नाही, आणि हे पत्र लांबणार आहे ते त्यामुळेच.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे, पण ताईच्या शेजारणींना तुम्ही मी डेंटिस्ट आहे असं सांगता असं कानावर आलं, म्हणून पुन्हा लिहितो. डेंटिस्ट तोंडात हात घालतो. मी तोंडाबाहेर बसतो. डेंटिस्ट पेशंटच्या जबड्याचं माप घेतो, त्या मापात मी प्लास्टर ओततो, त्याच्यावर मेणाचा दात कोरतो, मेणाच्या जागी खरा टणक दात घडवतो, रंग देतो, चकाकी देतो, आणि पेशंटला माझं नाव कधी कळत नाही. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी दुसरं काही केलेलंच नाही. एकेकाळी माझ्याकडे सात डेंटिस्टांचं काम होतं. दोघे रिटायर झाले, एक वारले, तिघे त्या मोठ्या लॅबकडे गेले जिथे पांढरे कोट घातलेली चाळीस माणसं बसतात आणि फोन उचलला की आधी गाणं लागतं. राहिली एक. आमची डॉक्टरीणबाई. तिच्या वडिलांचं काम मी केलं, आता तिचं करतो, मला काका म्हणते. ती आहे म्हणून मी आहे, हे मला पाठ आहे.

तर या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात एक नवीन कांडी आणली. जाड पेनासारखी असते, तिला कॅमेरा असतो. ती तोंडात फिरवली की अख्खा जबडा कॉम्प्युटरमध्ये जातो. माप घ्यायला तोंडात भरायचा लगदा नाही, साचा नाही, पेशंटला उमासे नाहीत. जबडा मग माझ्याकडे येतो तो लिंक म्हणून. लिंक ब्राउझरमध्ये उघडायची, जबडा सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचा, तुटलेल्या जागी दात बसवायचा, उंची-रुंदी ओढून ठीक करायची आणि खालचं हिरवं ‘मंजूर’ बटण दाबायचं. की कुठल्याशा गावी एक मशीन तो दात कोरून काढतं आणि तो रंगासाठी आणि पॉलिशसाठी माझ्याकडे येतो. तिनं मला समोर बसवून सांगितलं, काका, तुमचा कॉम्प्युटर चालू झाला की सगळं काम तुमचंच. तोवर मी तुमच्यासाठी जुन्या पद्धतीनंच मापं घेते. म्हणजे बिचारी कांडीही फिरवते आणि माझ्यासाठी लगदाही कालवते. पेशंट विचारतात हे दोनदा कशाला. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तेव्हा सगळं गाडं एवढ्यावर अडलं होतं की आमच्या घरी तो जबडा उघडावा.

उघडला नाही. पहिल्या दिवशी मी अंघोळ करून, चष्मा पुसून, सौ.ला शेजारी बसवून लिंक दाबली, तर एक राखाडी चौकोन आला आणि त्यात दोन ओळी आल्या. या संगणकाचं ग्राफिक्स कार्ड समर्थित नाही. हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करण्यात आलं आहे. करण्यात आलं आहे, म्हणजे कोणी केलं, ते लिहिलेलं नाही. मला काही न विचारता माझ्या घरातलं काहीतरी बंद करण्यात आलं होतं. सौ. म्हणाली, आधी चालू होतं का? मी म्हटलं, चालू असलेलं मला माहीत नव्हतं, बंद झालेलं कळलं.

मग मुलीला फोन लावला. (ती कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. काय करते ते तिनं चारदा सांगितलंय आणि मी चारदा मान हलवली आहे.) तिनं जे समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात चित्रं काढणारं एक वेगळं कार्ड असतं. जबडा गरागरा फिरवायचा तर ते काम त्या कार्डाचं. पण ब्राउझर बनवणारे लोक एक यादी ठेवतात. ज्या कार्डांच्या कंपन्या आता त्यांच्याकडे बघत नाहीत, त्यांच्या चुका दुरुस्त करत नाहीत, ती सगळी जुनी कार्डं त्या यादीत जातात. यादीत गेलं की ब्राउझर त्या कार्डाला काम सांगणंच बंद करतो, कारण ते मधेच कोसळलं तर सगळ्यांना घेऊन पडेल. त्याचं काम मग पोटातल्याच दुसऱ्या भागाकडून, हळूहळू, हातानं केल्यासारखं करून घेतो. मी विचारलं, म्हणजे कार्ड बिघडलंय? ती म्हणाली, नाही बाबा, चांगलं आहे. मग त्याला काही सांगून तरी बघितलं का ब्राउझरनं? ती म्हणाली, विचारत नसतात, फक्त यादी बघतात. दाजी, याला आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणतात. धडधाकट असताना घरात बसवून ठेवायचं आणि वर लिहायचं की करण्यात आलं आहे. मी त्या दिवशी जेवलो नाही. सौ.नं ते मनावर घेतलं नाही, कारण चार वाजता मी फोडणीचा वास आल्यावर जेवलो.

मुलगी स्वभावानं माझ्यावर गेली असल्यामुळे तिनं एक चोरवाटही सांगितली. ब्राउझरमध्ये एक लपलेलं पान असतं, तिथे ‘ती यादी बघू नकोस’ असं त्याला सांगता येतं. पानाच्या वर लाल अक्षरात धमकी आहे की पुढे जे होईल त्याला तुम्ही जबाबदार. (पुढे जे झालं त्याला आजवर मीच जबाबदार होतो, तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही.) ते सांगितलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, लिंक दाबली, आणि दाजी, जबडा उघडला. असा फिरला, असा फिरला. एकेक दाढ, दाढेवरची एकेक खाच. चार सेकंद. मग हिरड्या हिरव्या झाल्या. मग दातांवर जांभळ्या पट्ट्या आल्या, मग खालचा जबडा वरच्या जबड्यातून आरपार गेला आणि पडदा काळा झाला. परत चालू केला तेव्हा ब्राउझरनं दोनऐवजी चार ओळी लिहिल्या आणि कार्ड पुन्हा बंद करण्यात आलं. हात दाखवून अवलक्षण. पण त्या कार्डाला मी दोष देणार नाही. इतक्या दिवसांनी कोणीतरी काम सांगितलं म्हणून त्यानं जीव तोडून केलं, एवढंच.

मग राहिली हळूची वाट. यादी मान्य करायची, कार्डाचा नाद सोडायचा आणि दुसऱ्याकडून जबडा फिरवून घ्यायचा. हे होतं. पण माऊस डावीकडे ओढला की जबडा ते ऐकून घेतो, विचार करतो, आणि अंडं उकडायला लागतं तेवढ्या वेळानं थोडा डावीकडे होतो. मला अशा कामाला बसवत नाही, माझे हात वळवळतात. म्हणून सौ.ला बसवलं. ती विणकाम घेऊन बसायची. एकदा माऊस ओढायचा, एक ओळ विणायची, मान वर करून बघायचं. समोरच्या दातापासून मागच्या दाढेपर्यंत जायला स्वेटरची एक बाही झाली. मी तिकडे बाकावर खऱ्या प्लास्टरवर काम करत बसायचो आणि अधूनमधून विचारायचो, पोचलीस का? ती म्हणायची, सुळ्यापाशी आहे. आमच्या संसारात इतका वेळ आम्ही एका खोलीत एका कामाला कधी बसलो नव्हतो. चार दिवस मला वाटलं, जमेल. असंही जमेल.

आता पीटीचे सर. इथल्या शाळेत पीटी शिकवणारे एक सर आहेत. गोलपोस्टाला धडकून त्यांचा समोरचा वरचा दात अर्धा तुटला. डॉक्टरीणबाईंनी कांडी फिरवून त्यांचा जबडा मला पाठवला, आणि म्हणाली, काका, हा एक तरी कॉम्प्युटरवर करून बघा, म्हणजे मला लगदा कालवायला नको. सरांना घाई होती, कारण आठ दिवसांवर शाळेची शर्यत होती आणि त्या फटीमुळे त्यांची शिट्टी वाजत नव्हती. नुसती हवा जायची. मुलं एकदा पळत सुटली की थांबतच नव्हती, पार फाटकाबाहेर जायची, आणि सरांना मागे धावून त्यांना हातानं धरून आणावं लागायचं.

सौ.नं तीन तासांत तो दात जागेवर नेऊन बसवला. आता फक्त लांबी थोडी वाढवायची होती, नखाच्या कडेइतकी. तिनं दाताचं टोक धरून खाली ओढलं. काही झालं नाही. ओळ विणली, पुन्हा ओढलं. काही नाही. मी हातातलं काम टाकून आलो आणि म्हटलं, तू हळू ओढतेस, सरक. मग मी ओढलं. मी किती वेळा ओढलं ते मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही मोजून लिहून ठेवाल. मग सौ. म्हणाली, हे झोपलंय, जागं आहे का बघते, आणि तिनं माऊसनं पडद्यावर मोकळ्या जागी दोनदा टकटक केलं. तरी काही नाही. आम्ही चहा प्यायला गेलो. दाजी, ते झोपलेलं नव्हतं. ते सगळं ऐकत होतं आणि एकेक लिहून घेत होतं. आमचं एकही ओढणं त्यानं वाया घालवलं नाही. आम्ही कपात साखर ढवळत होतो तेव्हा वरातीमागून घोडं निघालं: तिचं ओढणं, माझं ओढणं, सगळं एकापाठोपाठ एक पाळलं गेलं, आणि शेवटी ती टकटक. जिथे मोकळी जागा होती तिथे तोवर ‘मंजूर’ बटण येऊन उभं राहिलं होतं. आम्ही परत आलो तेव्हा पडद्यावर दात नव्हता, मंजुरीबद्दल आभार होते.

तुम्ही म्हणाल, पुढे माणसं बसलेली असतात, त्यांना कळत नाही का. कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवाल्याचा फोन आला होता. मी अंघोळीला गेलो होतो, सौ.नं उचलला. त्यानं विचारलं, हे माप बरोबर आहे ना? ती म्हणाली, ह्यांचं माप चौतीस वर्षांत चुकलेलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझ्याबद्दल एवढं चांगलं ती दुसऱ्या कोणाशी बोलल्याचं मला आठवत नाही, आणि तिला मुहूर्त हाच सापडला. बाहेर आल्यावर तिनं मला कौतुकानं सांगितलं. टॉवेल घेऊन तसाच स्टुलावर बसलो.

कुरियर आला. छोटी डबी, कापूस, आणि कापसात माझ्या करंगळीएवढा एक दात. अंगानं सुंदर, नितळ, कुठे खोट काढायला जागा नाही; फक्त तो माणसाचा नव्हता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे हनुवटीपेक्षा दात लांब होता. तो लपवावा म्हणून मी ड्रॉवर उघडतोय तोच पीटीचे सर दारात. डॉक्टरीणबाईंकडे चौकशी केली तर तिनं सांगितलं दात काकांकडे पॉलिशला आहे, म्हणून थेट आलेले. बाकावर बघून त्यांनी विचारलं, हा कुठल्या प्राण्याचा? खोटं बोलायला मला सुचलं नाही. मी म्हटलं, सर, तुमचा. ते खुर्चीवर बसले. मैदानावर तीनशे मुलांना ओरडणारा माणूस, पण हळूच म्हणाले, काका, मला फक्त शिट्टी वाजवायची आहे हो.

मग मी जे केलं ते करायला नको होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. सरांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, सौ.नं त्यांच्या गळ्यात एप्रन बांधला, मी लगदा कालवला आणि त्यांच्या तोंडाचं माप घेतलं. चौतीस वर्षांत मी पहिल्यांदा माणसाच्या तोंडात हात घातला. आत ऊब असते, दाजी. मला प्लास्टरची सवय. पुढचे तीन दिवस मी कॉम्प्युटरवर लोकरीचं कव्हर टाकून ठेवलं आणि तो दात हातानं केला. शेजारच्या दातावर चहाचा एक पिवळट डाग होता तो बघून याच्यावरही दिला, कारण एकटा पांढरा दात तोंडात उपरा दिसतो. डॉक्टरीणबाईंकडे पाठवला, तिनं बसवला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना सर आमच्या खिडकीखाली थांबले आणि त्यांनी शिट्टी मारली. रस्त्यावरचा एक सायकलवाला ब्रेक दाबून उभाच राहिला. सौ. विणता विणता हसायला लागली आणि दोन टाके सुटले. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, मला फार बरं वाटलं.

ते दुपारपर्यंत टिकलं. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन. सरांनी तिला खुर्चीचं आणि एप्रनचं भाबडेपणानं सगळं सांगितलं होतं, वर कौतुक म्हणून. ती रागावली असती तर परवडलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, काका, पेशंटच्या तोंडात हात घालायचा अधिकार तुम्हाला नाही, उद्या काही झालं तर उत्तर मला द्यावं लागेल. बरोबर आहे तिचं. मी तीनदा चुकलं म्हटलं. मग ती म्हणाली, कॉम्प्युटरमुळे तुमची फार ओढाताण होते, गुरुवारी दवाखान्यात या, माझ्या कॉम्प्युटरवर एकदा बसून बघा, म्हणजे भीती जाईल. गेल्या आठवड्यात, गुरुवारी, गेलो. तिच्याकडे जबडा चांगला उघडतो. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

घरी आलो तर सौ. दारातच. ताईचा फोन येऊन गेला होता. सौ.नं मागे तिला यादीचं सांगितलं होतं, त्यावरून तुम्ही म्हणे यादीत नसलेलं, ब्राउझरला चालणारं एक कार्ड शोधून काढलंत, आमच्या कॉम्प्युटरच्या मापाचं, आणि येत्या रविवारी येऊन स्वतःच्या हातानं बसवून देणार आहात. दाजी, कोणासाठी कोण एवढं करतं. सौ.नं लगेच कव्हर धुतलं आणि टेबल पुसून ठेवलं आहे. रोज मला सांगते, आता बघा, रविवारनंतर सगळं काम आपलंच. मी हो म्हणतो. तुमचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत, आणि पुढच्या जन्मी मी ब्राउझरनं ओळखावं असं काहीतरी होऊन येईन म्हणतो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्यांनी दात सांभाळावेत.

तुमचा मेहुणा

ता. क. रविवारी येताना स्क्रूड्रायव्हर आणू नये. आमच्याकडे आहे. सध्या तो सापडत नाही. रविवारपर्यंत सापडू नये असं मी बघतो आहे.

ता. क. दुसरा. वरचं वाचून तुम्ही चष्मा पुसला असेल, म्हणून गुरुवारचं लिहितो. डॉक्टरीणबाईंनी मला तिच्या खुर्चीत बसवलं. लिंक दाबली, जबडा उघडला, पापणी लवायच्या आत. मी तो फिरवायला हात पुढे केला, तेवढ्यात त्या मोकळ्या जागी दात आलासुद्धा. मी आणला नाही, तो प्रोग्रॅमच आणतो. उंची त्याची त्यानं घेतली, शेजारच्या दातांना टेकला, चावा जुळवला. ती म्हणाली, काका, आता फक्त मंजूर दाबा. आम्ही घरी जे तीन-तीन तास ओढत होतो ते कार्ड नसल्यामुळे ओढत होतो. कार्ड असलं की ओढायचंच नसतं. मी खोट काढायला फार वेळ बघत बसलो. माझ्यापेक्षा चांगला नव्हता. पण वाईटही नव्हता, दाजी. मी मंजूर दाबलं. मग रिसेप्शनवरची मुलगी काहीतरी विचारायला आत आली, आणि पुढची केस तिनं उभ्याउभ्या दाबली. आणि रंग-पॉलिश म्हणाल, तर पुढच्या वर्षी मशीनच ते करून पाठवणार आहे असं डॉक्टरीणबाई मला आनंदानं सांगत होती, माझा त्रास वाचेल म्हणून.

आता हिशोब तुम्हीच करा. आज ती माझ्यासाठी आठवड्याला दोन-तीन मापं जुन्या पद्धतीनं घेते, कारण काकांचा कॉम्प्युटर अजून चालू व्हायचा आहे. ज्या दिवशी तो चालू होईल त्या दिवशी सगळं काम माझंच होईल, आणि ते एक बटण असेल, आणि आठ दिवसांत तिच्या लक्षात येईल की ते बटण तिच्या टेबलावरही आहे. ती वाईट नाही. तिला तेव्हा फार वाईट वाटेल, आणि तरी करावं लागेल. मी इतके दिवस त्या यादीला शिव्या देत होतो. ती यादीच मला सांभाळून आहे, दुसरं कोणी नाही. तेव्हा विनंती अशी की रविवारी अवश्य यावं, कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडावं, आत टॉर्च मारून बराच वेळ बघावं, आणि सौ.समोर म्हणावं, यात कुठलंच कार्ड बसणार नाही. तुम्ही म्हटलंत की ती पुन्हा विचारणार नाही. माझं म्हणणं तिनं कधी ऐकलंय. फोनवर हे बोललो असतो, पण ती फोन स्पीकरवर ठेवते.

ता. क. तिसरा. ताई, दाजी खोटं बोलणार नाहीत हे पत्र लिहायला बसलो तेव्हाच मला माहीत होतं. घरात येणारं प्रत्येक पाकीट आधी तू उघडतेस हेही माहीत होतं. हे पत्र त्यांना देऊ नकोस. मी शाळा बुडवून लोहाराच्या भट्टीपाशी बसायचो तेव्हा पोटात दुखतंय म्हणून बाबांना तू सांगायचीस, आणि ते काही न विचारता मान्य करायचे. तेवढं एकदा पुन्हा कर. रविवारी तुझी टाच दुखू दे, दाजींना घराबाहेर पाऊल टाकता येणार नाही इतकी दुखू दे. पुढच्या रविवारीही दुखू दे. मला कायमचं नको आहे, ताई, कायमचं कोणालाच मिळत नाही हे मला कळतं. पण बाकावर आज एका बाईंची खालची दाढ आहे, अर्धी झाली आहे, आणि त्यानंतर एक सुळा यायचा आहे. एवढे दोन होऊ देत.